ठाण्याबाहेरचा फळा

हुपरीत हातोडीचा आवाज आला की उजाडलं.
मी त्याच्याही आधी येते,
ओल्या फडक्यानं कालची तारीख पुसते.
फळा शाळेनं टाकून दिलेला,
कोपऱ्यात कुण्या पोरानं करकटकानं कोरलेलं 'सुनी +'
एवढंच उरलंय, पुढचं नाव गेलं.
त्याच्या बाजूनं लिहिते:

    काल रात्री गस्त – चांदी गल्ली, बाजारपेठ, माळभाग.
    रेंदाळ रस्त्यावर बिननंबरची काळी मोटारसायकल.
    दिसली तर कळवा.
    पैंजणांचा माल घेऊन रात्रीच्या एसटीनं एकट्यानं जाऊ नये.
    सापडली – शेळी, पांढरी, डाव्या कानाला चीर.
    ठाण्यात बांधली आहे.

साहेब म्हणतात, मोबाईलवर टाक की, सगळ्यांना जातंय.
टाकते. जातंही.
पण फळ्यापुढं माणूस थांबतो,
दुधाची किटली पायाशी ठेवतो,
ओठ हलवत वाचतो,
आणि शेजारच्याला विचारतो,
शेळी कुणाची म्हणायची रं ही?

भूपाल उपाध्ये गुरुजी रोज सव्वासातला.
बस्तीतून दर्शन करून, कपाळाला गंध,
सदऱ्याच्या खिशात स्वतःचा खडू.
मला न विचारता 'सुचना'चा उकार पुसायचे,
दीर्घ काढायचे, मागं सरून बघायचे.
"कोईगडेबाई, चोर सापडंल तेव्हा सापडंल.
आधी हा उकार पकडा."
बारावीला मराठीत मला एकोणचाळीस.
मी हसायचे. कधी कधी चिडायचे.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी सव्वासात वाजून गेले.
दुपारी आले, मागच्या दारानं.
खुर्चीवर बसले नाहीत.
पेन्शन थांबलंय म्हणून फोन आला होता,
हयातीचा दाखला इथंच करून देतो म्हणाला.
"पोरगा फार शुद्ध बोलत होता गं.
त्याचा न वेगळा, ण वेगळा.
सहा आकडे विचारले त्यानं,
मी एकेक सांगितला,
वर्गात पाढा सांगावा तसा."
एक लाख बारा हजार.

हेल्पलाइनला लावलं, बँकेला लावलं.
एकोणीस हजार अडले वाटेत. बाकीचे गेले.
सही करताना त्यांनी पेन दोनदा झटकलं.
"तक्रार घे. फळ्यावर घेऊ नको."

बुधवारी मी लिहिलं:

    हयातीचा दाखला फोनवर मिळत नाही.
    गावातील एका जेष्ठ नागरिकाची फसवणूक.
    ओटीपी कोणालाही सांगू नये.

सव्वासातला ते उभे.
वाचलं. खडू काढला.
'जे'च्या पोटात य घातला.
मी खिडकीतून बघत होते, म्हटलं, झालं.
पण गेले नाहीत.
तळव्यानं सगळी मधली ओळच पुसली,
आणि मुख्याध्यापकाच्या गोल अक्षरात
भूपाल आदगोंडा उपाध्ये, असं पूर्ण नाव लिहिलं.
रक्कमही.
"बिननावाचं वाक्य दुसऱ्या गावचं वाटतं,"
मला म्हणाले, की फळ्याला, कळलं नाही.

पानपट्टीवर कुणीतरी मोठ्यानं हसलं.
त्यांनी ऐकलं. चालत राहिले.

दहाच्या सुमारास वैजयंता आली, पैंजणांना पॉलिश करणारी.
तिचे सातशे गेलेले, दिवाळीतच.
मग फौजेतून आलेले दस्तगीर नायकवडी.
मग एक जण, ज्याचं नाव मी इथंही सांगणार नाही.
"गुरुजी फसले म्हटल्यावर
आमाला कसली लाज?"
संध्याकाळपर्यंत रजिस्टरची तीन पानं भरली.
आदल्या दिवसापर्यंत हे सगळं गाव
मला सुरक्षित वाटत होतं.

तीन दिवस गुरुजी आले नाहीत.
तीन दिवस फळा माझ्या चुकांसकट राहिला.
लोक वाचायचे, शेळीला पाला टाकायचे,
धनी काही यायचा नाही.

चौथ्या दिवशी सव्वासातला चपला वाजल्या.
खिसा चाचपला त्यांनी, एकदा, दोनदा.
"खडू घरीच राहिला वाटतं."
मी माझा दिला.